गाडीच्या काचेवरचे हट्टी डाग : काचेवर की काचेत?

मागची सीट :

नमस्कार. दोन महिन्यांपूर्वी मी एक वापरलेली चारचाकी घेतली. इंजिन, गिअर, टायर यांविषयी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती काचांविषयी. आधीच्या मालकांनी गाडी बराच काळ हिरवळीवर पाणी मारणाऱ्या एखाद्या फवाऱ्याच्या टप्प्यात उभी केलेली असावी, कारण डाव्या बाजूच्या दोन्ही खिडक्यांवर आणि पुढच्या काचेच्या डावीकडच्या भागावर पांढरट वर्तुळे उठलेली आहेत. जवळ जाऊन पाहिले तर प्रत्येक वर्तुळाची कड ठळक दिसते आणि मधला भाग जवळजवळ स्वच्छ असतो. काच ओली केली की सगळी वर्तुळे नाहीशी होतात, त्यामुळे धुताना दर वेळी वाटते की या खेपेस काम झाले. पाणी वाळले की ती जिथल्या तिथे हजर असतात.

याशिवाय मागच्या काचेच्या कोपऱ्यात कोणीतरी स्टिकर ओढून काढल्याचा चिकटा राहिला आहे आणि त्यावर धूळ बसून तो काळा पडला आहे. तिसरी गोष्ट म्हणजे पुढच्या काचेवर वाइपर जिथून फिरतो तिथे एक धुरकट पट्टा आहे. दिवसा तो जाणवत नाही, पण रात्री समोरून दिवे आले की प्रकाश त्या पट्ट्यावर पसरतो आणि क्षणभर काहीच दिसत नाही. वाइपरही काचेवरून सरळ न सरकता थरथरत, उड्या मारत जातो.

भांडी घासण्याचा साबण, काच पुसण्याचा निळा द्रव आणि वर्तमानपत्राचे बोळे हे सगळे करून झाले आहे. आता हात दुखतात, डाग मात्र दुखावलेले दिसत नाहीत. कोणी हे काम स्वतः केले असेल तर कृपया सविस्तर लिहावे.

भिंगातून :

आपल्या वर्णनात तीन वेगवेगळे डाग आहेत आणि तिघांवरचे औषध वेगळे आहे. एकच बाटली घेऊन सगळीकडे घासत सुटल्यामुळेच बहुतेकांची निराशा होते, म्हणून आधी निदान करू.

पांढरी वर्तुळे ही क्षारयुक्त पाण्याची देणगी आहे. अशा पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेले असते. थेंब वाळतो तेव्हा पाणी उडून जाते आणि क्षार काचेला धरून बसतात. कड ठळक का, याचेही कारण आहे. थेंबाची कड काचेला जखडलेली असते आणि तिथले पाणी सर्वांत वेगाने उडते. त्याची भरपाई करण्यासाठी मधले पाणी कडेकडे वाहते आणि आपल्याबरोबर सगळा माल कडेला नेऊन टाकते. सांडलेल्या कॉफीचा डाग वाळल्यावर कडेलाच गडद दिसतो तो याच कारणाने, आणि त्याची नीट उकल १९९७ साली झाली.

आता मुख्य प्रश्न असा, की आपले डाग काचेवर आहेत की काचेत. क्षारांचे पुट नुसते चढलेले असेल तर ते काढता येते. परंतु पाणी काचेवर दीर्घकाळ साचून वाळत राहिले, विशेषतः तापलेल्या काचेवर, तर ते काचेतला सोडियम ओढून घेते; त्यामुळे तो इवलासा थेंब अल्कधर्मी होत जातो आणि एका मर्यादेपलीकडे तो काचेचा सांगाडा असलेल्या सिलिकालाच खाऊ लागतो. अशा वेळी तिथे उरतो तो डाग नसून सूक्ष्म खड्डा असतो. खड्डा पुसता येत नाही.

ओले केल्यावर वर्तुळे नाहीशी होतात यावरून काहीच ठरत नाही, कारण पुट असो वा खड्डा, पाणी दोन्हीच्या खडबडीतपणात भरते, प्रकाश विखुरणे थांबते आणि दोन्ही सारखेच अदृश्य होतात. खात्री करायची असेल तर काच धुऊन कोरडी करावी आणि नख अगदी हलक्या हाताने वर्तुळाच्या कडेवरून न्यावे. नख अडखळले तर पुट आहे. नख घसरत गेले आणि तरीही डोळ्यांना कड दिसत असेल, तर बहुधा काच झिजली आहे. दुसरी परीक्षा रासायनिक आहे : एका वर्तुळावर साध्या पांढऱ्या व्हिनेगरचा थेंब ठेवून भिंगातून पाहावे. कॅल्शियम कार्बोनेट असेल तर कडेला बारीक बुडबुडे सुटताना दिसतात. (माझे नाव या उद्योगावरूनच पडले आहे.)

मागची सीट :

नखाची परीक्षा आताच केली. दारांच्या काचांवर नख स्पष्ट अडखळते, पुढच्या काचेवर काही ठिकाणी अडखळते आणि काही ठिकाणी नाही. व्हिनेगर किती वेळ ठेवायचे?

भिंगातून :

व्हिनेगरमध्ये सुमारे ५ टक्के ॲसिटिक आम्ल असते, म्हणजे ते सौम्य आहे आणि त्याला वेळ द्यावा लागतो. लोक चुकतात ते इथेच : फवारून लगेच पुसतात आणि मग व्हिनेगरने काही होत नाही असे सांगतात. उभ्या काचेवर द्रव टिकत नाही, म्हणून जुने सुती कापड किंवा कागदी रुमाल व्हिनेगरमध्ये भिजवून काचेवर चिकटवावेत आणि दहा ते पंधरा मिनिटे ते ओलेच राहतील असे पाहावे. काच थंड आणि गाडी सावलीत असली पाहिजे. तापलेल्या काचेवर द्रव वाळून जातो आणि आपण एका डागावर दुसरा डाग चढवतो. नंतर त्याच ओल्या कापडाने घासून भरपूर पाण्याने धुवावे. एका फेरीत सगळे जात नाही. दोन-तीन फेऱ्या गृहीत धराव्यात. सायट्रिक आम्लाची पूड पाण्यात विरघळवूनही हेच काम होते आणि तिला वास नसतो.

आम्ल खिडकीच्या कडेच्या धातूच्या पट्ट्यांवर, विशेषतः उघड्या ॲल्युमिनियमवर, साचू देऊ नये. रंगावर ओघळले तर लगेच धुऊन टाकावे. आणि ज्या कापडाने किंवा बादलीने कधी ब्लीच वापरले असेल ते या कामाला घेऊ नये, कारण ब्लीच आणि आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो.

शंकेखोर :

मी सर्वत्र असे वाचतो की व्हिनेगरमध्ये खायचा सोडा मिसळावा, म्हणजे फेस येतो आणि डाग निघतात. आपण सोड्याचा उल्लेखही केला नाही, हे मुद्दाम की विसरून?

भिंगातून :

मुद्दाम. आम्ल आणि सोडा एकमेकांना मारतात; फेस संपल्यावर बादलीत उरते ते सोडियम ॲसिटेट आणि पाणी, म्हणजे क्षारांवर चालणारे आम्लही गेले आणि सोडाही गेला. फेस पाहून समाधान मिळते एवढाच त्याचा उपयोग आहे.

सोडा स्वतंत्रपणे मात्र उपयोगी आहे. आम्लाने पुट मऊ झाल्यावर, काच धुऊन, ओल्या कापडावर सोड्याची दाटसर पेस्ट घेऊन घासले तर उरलेसुरले निघते. मोह्झ मापनावर सोड्याचा कठीणपणा सुमारे २.५ आहे आणि गाडीच्या काचेचा साधारण ५.५, त्यामुळे सोड्याने काचेला चरे पडत नाहीत. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि त्यांचा कठीणपणा ७ असतो. म्हणून काचेला ओरखडे पडतात ते सोड्याने नव्हे, तर कोरड्या काचेवर कोरडे कापड फिरवणाऱ्या आपल्याच हातांनी. आधी भरपूर पाणी, मग बाकी सगळे.

चौथा गिअर :

स्टिकरच्या चिकट्याविषयी मी लिहितो, कारण माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक जुन्या गाडीवर तो असतोच. हा चिकटा बहुधा ॲक्रिलिक प्रकारचा असतो. तो पाण्यात विरघळत नाही, साबणालाही दाद देत नाही, आणि कोरडा घासला तर गोळ्या होऊन शेजारच्या स्वच्छ काचेवर लिंपला जातो. त्याला दोन गोष्टी मानवत नाहीत : ऊब आणि तेल.

केस वाळवण्याचे यंत्र घ्यावे, काचेपासून वीतभर अंतरावर धरून सतत हलवत राहावे आणि चिकटा बोटाला मऊ लागेपर्यंत ऊब द्यावी. एकाच जागी रोखून धरू नये. थंडगार काचेवर उकळते पाणी ओतण्याचा सल्ला काही लोक देतात, तो कृपया ऐकू नये. काचेचा एक भाग अचानक प्रसरण पावतो, शेजारचा पावत नाही, आणि आधीच कुठे दगड लागून बारीक टवका उडालेला असेल तर तिथून तडा पळत सुटतो.

मऊ झालेला चिकटा जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कडेने खरवडून काढावा. उरलेल्यावर खाद्यतेलाचे किंवा गंज सोडवण्याच्या फवाऱ्याचे थोडेसे बोट फिरवून दहा मिनिटे थांबावे. चिकटा फुगतो, काचेवरची पकड सोडतो आणि कापडाने गुंडाळत निघून येतो. काम इथे संपत नाही, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. तेलाचा तवंग काचेवर राहतो, तो आधी साबणाने आणि नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढावा लागतो, नाहीतर आठवड्याभरात त्याच आकाराचा धुळीचा नवा डाग दिसू लागतो आणि माणूस म्हणतो, चिकटा परत आला.

अल्कोहोल ज्वालाग्राही आहे, तेव्हा गरम हवेचे यंत्र आधी बंद करून बाजूला ठेवावे.

ओली काच :

मागच्या काचेचा विषय निघाला आहे म्हणून माझी फजिती सांगते. माझ्याही गाडीच्या मागच्या काचेवर असाच चिकटा होता. मी दाढीचे नवे पाते आणले, काच ओली केली, पाते तिरपे धरले, सगळे शास्त्रशुद्ध केले आणि दहा मिनिटांत काच लखलखीत झाली. पुढच्या थंडीत मागच्या काचेवर बाष्प धरले, मी बटण दाबले, आणि सगळ्या पट्ट्यांमधले बाष्प विरले पण मधल्या दोन रेघांभोवतीचे तसेच राहिले. मी चिकट्याबरोबर तापणाऱ्या रेघाही खरवडून टाकल्या होत्या. स्टिकर आतल्या बाजूने लावलेला होता, आणि त्या रेघाही आतल्याच बाजूला असतात.

चौथा गिअर :

हे लिहिलेत ते फार बरे झाले. त्या रेघा चांदीयुक्त लेपाने काचेवर छापून भट्टीत पक्क्या केलेल्या असतात. त्या दिसायला काचेचाच भाग वाटतात, पण पात्यापुढे टिकत नाहीत, आणि एक रेघ एका ठिकाणी तुटली की ती पूर्ण रेघ थंड पडते. तुटलेल्या जागी लावण्याचा वीजवाहक लेप मिळतो, त्याने दुरुस्ती होऊ शकते. मात्र काम नाजूक आहे. मागच्या काचेला आतून पाते अजिबात लावू नये, आणि कापडसुद्धा रेघांच्या दिशेने, आडवेच फिरवावे.

खिडक्यांना आतून रंगीत फिल्म असेल तर तिलाही हेच लागू आहे. त्याशिवाय अमोनिया असलेला काच-द्रव फिल्मवर वापरू नये. कालांतराने फिल्म जांभळट पडते किंवा तिचे फुगे येतात. बाटलीच्या मागचा मजकूर वाचल्याशिवाय फवारू नये. ॲसिटोन काचेला काही करत नाही, पण खाली ओघळला तर दाराचे प्लास्टिक आणि बाहेरचा रंग खातो, म्हणून मी तो गाडीजवळ आणतच नाही.

शंकेखोर :

म्हणजे पाते बाहेरून चालते? पोलाद काचेला ओरखडत नाही?

चौथा गिअर :

काचेच्या बाहेरच्या बाजूला, जिथे लेप, फिल्म किंवा रेघा नाहीत तिथे, चालते. पण शिस्त हवी. पाते नवे असावे, काच साबणाच्या पाण्याने ओलीचिंब असावी, पाते काचेशी अगदी निजते धरावे, साधारण ३० अंशांत, आणि फक्त पुढे ढकलावे. परत आणताना उचलून आणावे. खरा घात परतीच्या वाटेवर होतो : पात्याखाली वाळूचा एखादा कण अडकतो आणि पाते मागे ओढले की तो कण काचेवर रेघ ओढतो. पोलाद आणि काच कठीणपणात जवळपास बरोबरीचे आहेत, कण मात्र दोघांपेक्षाही कठीण असतो. पात्यावर गंजाचा ठिपका दिसला तरी ते टाकून द्यावे. झाडाचा वाळलेला चीक, रंगाचे शिंतोडे, डांबराचे ठिपके यांना हा उपाय लागू पडतो, जरी चिकाला अल्कोहोल आणि डांबराला रॉकेल आधी लावून पाहिलेले अधिक चांगले.

मेलेल्या किड्यांना यातले काहीही नको. ओले फडके पंधरा मिनिटे ठेवावे, ते आपोआप सुटतात.

मागची सीट :

सर्वांचे आभार. या रविवारी सकाळपासून कामाला लागलो, त्याचा हा अहवाल.

चिकटा गेला. तो बाहेरच्या बाजूला होता, ही खात्री 'ओली काच' यांचा प्रतिसाद वाचून आधी करून घेतली. पाते वापरावेच लागले नाही. ऊब, कार्ड आणि तेल एवढ्यावर भागले.

दारांच्या काचांवर व्हिनेगरच्या तीन फेऱ्या केल्या. पहिल्या फेरीनंतर काहीच फरक नव्हता आणि मी हा धागा मनातल्या मनात बराच नावाजला. दुसऱ्या फेरीत कापड उचलले तेव्हा त्यावर पांढुरका चिखल आला होता आणि कडा तुटक झाल्या होत्या, म्हणजे पूर्ण वर्तुळाऐवजी कंसासारखे तुकडे उरले होते. तिसऱ्या फेरीनंतर सोडा फिरवला आणि काच निर्मळ झाली. पुढच्या काचेवर मात्र अर्धीअधिक वर्तुळे जशीच्या तशी आहेत. नख घसरते, कड दिसते.

दरम्यान गाडी धुणाऱ्या एका ठिकाणी सहज विचारले, तर तिथल्या गृहस्थांनी विनालेबलाची बाटली दाखवली आणि "याने दोन मिनिटांत जाते, फक्त हातमोजे घाला" असे सांगितले. मी नम्रपणे निघून आलो. योग्य केले ना?

भिंगातून :

अगदी योग्य केलेत. दोन मिनिटांत काचेचे डाग घालवणाऱ्या काही द्रवांमध्ये हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लोराइड असते. ही रसायने काचेवरचा डाग विरघळवण्याऐवजी काचच विरघळवतात, म्हणून वरचा थर डागासकट निघून जातो. काचेवर हात बसला नसेल तर त्याच जागी दुधी धब्बा पडतो, जो कायमचा असतो. परंतु काच दुय्यम आहे. हे आम्ल त्वचेतून आत शिरते, शरीरातल्या कॅल्शियमला पकडते आणि सौम्य प्रमाणात असेल तर कित्येक तास दुखतही नाही, त्यामुळे माणूस गाफील राहतो. हाडापर्यंत इजा होऊ शकते आणि हृदयाच्या ठोक्यांवरही परिणाम होतो. घटकांच्या यादीत 'फ्लोराइड' हा शब्द दिसला किंवा घटकांची यादीच नसली, तर ती बाटली घरगुती कामासाठी नाही. चुकून स्पर्श झालाच तर दुखण्याची वाट न पाहता सतत पाण्याने धुवावे, ताबडतोब रुग्णालय गाठावे आणि रसायनाचे नाव सांगावे.

आपल्या पुढच्या काचेवर जे उरले आहे ते आता काचेवर नाही, काचेत आहे. तिथे रसायन थांबते.

घासकाम :

आणि तिथे आमचे काम सुरू होते. मी व्यवसायाने काच पॉलिश करतो, पण मोटारींच्या काचा कमी आणि इतर काचा अधिक, तेव्हा त्या बेताने वाचावे.

झिजलेल्या काचेवर सिरियम ऑक्साइड वापरतात. फिकट पिवळसर-गुलाबी पूड असते. पाण्यात कालवून दुधासारखी पातळ करावी आणि नमद्याच्या चकतीवर घेऊन सावकाश घासावे. ही पूड नुसती खरवडत नाही, तिचे कण काचेच्या पृष्ठभागाशी रासायनिक रीत्याही जुळतात आणि अगदी अत्यल्प थर उचलतात, म्हणून काच पांढरी न पडता चकचकीत राहते. हाताने केले तर एका तळहाताएवढ्या जागेला अर्धा तास सहज लागतो, आणि तेवढ्यानेही फक्त उथळ खड्डे जातात. यंत्राने केले तर लवकर होते, परंतु चकती कोरडी पडली किंवा एका जागी रेंगाळली की काच तापते, आणि पुढची काच म्हणजे दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पडदा घालून केलेला जोड असल्यामुळे तिला स्थानिक उष्णता बिलकूल मानवत नाही.

याहून मोठा धोका डोळ्यांना लगेच दिसत नाही. एकाच जागी जास्त घासले की तिथे बशीसारखा किंचित खोलगटपणा येतो आणि ती जागा भिंगासारखे वागू लागते. उभे राहून पाहिले तर सर्व ठीक वाटते. गाडी चालवताना मात्र त्या जागेतून रस्त्याची रेघ लचकल्यासारखी दिसते. म्हणून चालकाच्या थेट नजरेसमोरचा भाग आणि आरशामागची कॅमेऱ्यासमोरची जागा यांवर मी स्वतः हात चालवत नाही. पावसाचा सेन्सरही तिथेच असतो आणि तो काचेच्या आतून परावर्तित होणाऱ्या अवरक्त प्रकाशावर चालतो, त्यामुळे तिथली काच नुसती स्वच्छ असावी, घासलेली नको. आपली वर्तुळे डावीकडच्या भागात आहेत आणि आपले स्टिअरिंग उजवीकडे असेल, तर एका कोपऱ्यात करून पाहावे. फरक पडला तर पुढे जावे, नाहीतर सोडून द्यावे. खोल चरे, ज्यांत नख अडकते, ते यानेही जात नाहीत.

शंकेखोर :

दगडधुळीने पुढच्या काचेला जे बारीक टोचे पडतात तेही याने जातील का? आता हा धागा वाचल्यापासून मला माझ्या काचेवर ते शेकड्याने दिसू लागले आहेत. काल नव्हते.

घासकाम :

काल होते. १९५४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरात असेच झाले होते : काही दिवसांत हजारो लोकांना आपल्या गाड्यांच्या पुढच्या काचांवर टोचे दिसू लागले, कोणी हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्यांना दोष दिला, महापौरांनी मदतीसाठी थेट राष्ट्राध्यक्षांकडे धाव घेतली, आणि शेवटी बहुतेक टोचे जुनेच असल्याचा निष्कर्ष निघाला. तोवर लोक काचेतून पाहत होते. त्या आठवड्यात ते काचेकडे पाहू लागले.

टोचे पॉलिशने जात नाहीत. खूप झाले असतील आणि रात्री प्रकाश पसरत असेल तर काच बदलणे हाच उपाय आहे.

ओली काच :

धुरकट पट्टा आणि थरथरणारा वाइपर हा भाग राहूनच गेला. तो पट्टा बहुधा मेण आणि सिलिकोनचा असतो. गाडी धुताना वापरलेली चमक आणणारी द्रव्ये, पुढच्या वाहनांच्या धुरातला तेलकटपणा आणि वाइपरच्या रबराची झीज हे सगळे मिळून एक तवंग तयार होतो आणि वाइपर तो इमानेइतबारे रोज पसरवतो. हा तवंग आम्लाने जात नाही, म्हणून व्हिनेगरनंतरही तो राहिला असणार.

आधी साबणाने काच धुवावी, नंतर अल्कोहोलने पुसावी आणि वाइपरचे रबरही अल्कोहोलच्या कापडाने, कापडावर काळे येणे थांबेपर्यंत, पुसावे. रबर विसरले तर पहिल्याच फेरीत तवंग परत काचेवर. पूर्ण निघाला की नाही हे कळण्याची सोपी खूण आहे : काचेवर पाणी सोडावे. पाणी अखंड पातळ पडद्यासारखे पसरून उतरले तर काच निर्मळ आहे. मध्येच फाटून थेंब झाले तर तिथे अजून काहीतरी आहे. पाणी झटकणारा जुना लेप तुकड्यातुकड्यांनी उरला असेल तरी असेच दिसते आणि वाइपर थरथरण्याचे तेही एक कारण असते. तो लेप अल्कोहोलला दाद देत नाही. 'घासकाम' यांची पूड हाताने हलकेच फिरवली तर निघतो.

आतली बाजूही विसरू नये. डॅशबोर्डचे प्लास्टिक उन्हात तापते तेव्हा त्यातली द्रव्ये उडून आतल्या काचेवर बसतात आणि निळसर धूर धरल्यासारखे दिसते. तिथे अल्कोहोल पुरे. शेवटचा हात फिरवताना मी बाहेरून उभा फिरवते आणि आतून आडवा. पुसल्याचा एखादा ओरखाडा राहिलाच, तर त्याच्या दिशेवरून तो कोणत्या बाजूला आहे ते लगेच कळते. मायक्रोफायबर कापडे धुताना कपडे मऊ करणारे द्रव घालू नये, ते धाग्यांत बसते आणि पुढच्या वेळी काचेवर उतरते.

मागची सीट :

उभा-आडवा हात या एका सूचनेने माझे डोळे उघडले. पुढच्या काचेवर आरशाच्या डावीकडे एक हट्टी धब्बा होता, त्याच्यावर मी आठवडाभर बाहेरून व्हिनेगर, सोडा आणि थोडासा रागही वापरला होता. आज आतून अल्कोहोलचे कापड फिरवले आणि तो पहिल्या फटक्यात गेला. तो बाहेर कधी नव्हताच.

वाइपरच्या रबरावरून सात वेळा काळे निघाले. आता पाणी पडद्यासारखे उतरते आणि वाइपर आवाज न करता सरकतो. काल रात्री गाडी काढली होती. समोरचे दिवे दिव्यांसारखे दिसले.

सिरियमची पूड एका कोपऱ्यात हाताने चाळीस मिनिटे घासून पाहिली. दहा वर्तुळांपैकी तीन गेली, चार पुसट झाली, उरलेल्या तिघांवर परिणाम शून्य. उरलेल्या काचेवर हा खटाटोप करणार नाही. ती वर्तुळे संध्याकाळी सूर्य डावीकडून अगदी खाली आला असताना पाच-दहा मिनिटे दिसतात, एरवी नाही.

एक शेवटची विचारणा : धुतल्यावर नवी वर्तुळे उठू नयेत म्हणून काय करावे?

भिंगातून :

शेवटचे पाणी बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड घ्यावे, एका खिडकीला पेलाभर पुरते. तेवढे नसेल तर काच आपोआप वाळू देऊ नये, रबरी पट्टीने पाणी ओढून लगेच कोरड्या कापडाने पुसावे. आणि फवाऱ्यापासून गाडी लांब.

मागची सीट :

फवारा आधीच्या मालकांकडेच राहिला. पट्टी आजच आणतो.